अर्धा निवडलेला गहू

वेस्ट विंडसर
९ नोव्हेंबर २००६

दीक्षास आजीचा जयभीम.

खुशाली विचारत नाही, कारण तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिने पाकिटावर इंग्रजीत लिहून दिला, आतलं माझं मी लिहिते. चौथीपर्यंतचं शिक्षण आहे, तेव्हा काना-मात्रा इकडची तिकडे झाली तर समजून घे. तुझं मराठी माझ्या मराठीपेक्षा फार चांगलं आहे असं नाही.

दोन वर्षं मी तुला लिहिलं नाही. बापलेकीच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, म्हणून पडले नाही. भांडण माझ्या नावावरून होतं, तरी मला कुणी काही विचारलं नव्हतं. तुझा बाप म्हणाला, आधी त्या बोर्डावरून आईचं नाव काढ आणि मगच या घरात पाऊल ठेव. तू म्हणालीस, नाव काढलं तर कामात काही उरत नाही. तू बॅग भरलीस, त्याने दार लावलं. मी पायरीवर बसले होते. दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही, आई, आजी, नाव तुझं आहे, तुला काय वाटतं.

तुझं ते कॉलेजातलं प्रदर्शन मला आठवतं. तुझ्या बापानेच, राकेशने, मराठी मंडळाच्या लोकांना बोलावलं होतं, मुलीचं कौतुक. आणि तू तिथे जमिनीवर धान्य ओतून ठेवलेलं, शेजारी बोर्ड, त्यावर लिहिलेलं. माझी आजी कांता नागपुरात शेठच्या गोदामात धान्य निवडायची, तिच्या हाताचा दाणा चालायचा, पाण्याचा माठ मात्र तिला शिवू देत नसत. सगळे वाचायचे आणि वळून माझ्याकडे बघायचे. मंडळातल्या रवींद्रची बायको शुभा जवळ येऊन म्हणाली, काकू, आम्हाला ठाऊकच नव्हतं हो. त्याआधी ही बाई माझ्या हातचे वडे डबा भरून न्यायची. आता भेटली की तब्येत विचारते. वडे मागत नाही.

ते असो. घर आहे तसंच आहे. सकाळी तुझा बाप गाडीने प्रिन्स्टन जंक्शनला जातो, तिथून ट्रेनने न्यू यॉर्कला. तुझी आई लॅबमध्ये. मग मी आणि फ्रिज. फ्रिज मधूनमधून घुर्रर करतो, तेवढीच सोबत. रस्त्याने माणूस चालत नाही. पोस्टाची गाडी येते, डब्यात कागद टाकते आणि जाते, मी खिडकीतून हात केला तर तो पोस्टवाला हात करतो. कधी करतही नाही.

हाताला काम नाही, ही खरी गोष्ट. मागे एडिसनहून डाळ आणली तर मी अख्खं पाकीट परातीत ओतून बसले. चष्मा लावून बघितलं. एक खडा नाही, एक काडी नाही. सगळी डाळ एकसारखी, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखी. रागच आला मला. गहू तर इथे आल्यापासून डोळ्यांनी पाहिला नाही, पीठच येतं गोणीतून. सूप आणलं होतं मी नागपूरहून, तुझा बाप हसला होता, आई, याचं इथे काय करशील. ते गॅरेजमध्ये पडलं. तू गेलीस तेव्हा ते तिथून दिसेनासं झालं, तेव्हाच मला कळलं की पोट्टी अजून माझा नाद सोडत नाही.

आता कामाचं. जानेवारीत आम्ही नागपूरला लग्नाला चाललो आहोत, राकेशच्या मावसभावाची मुलगी. परतीच्या वाटेवर तुझ्या जर्मनीत एक दिवस थांबायचं तुझ्या आईने ठरवलं आहे. तुझं काम तिकडल्या कुठल्या म्युझियममध्ये मांडलं आहे, जुनं गाव आहे, असं ती सांगते. माझ्या पासपोर्टवर तिकडचा शिक्का तिने धावपळ करून मिळवला. राकेश आधी नाहीच म्हणत होता. मग म्हणाला, तुम्ही बघा, मी बाहेर थांबेन.

म्हणजे बोर्डावर माझं नाव अजून आहे, असं दिसतं. त्या नावाचं काय करायचं ते मी स्वतः बघून ठरवीन. तुझ्या बापाचं ऐकून नाही आणि तुझंही ऐकून नाही. मी काढ म्हटलं तर तू काढशील की नाही, ते मला माहीत नाही. पण मी काढ म्हटलं तर तुला घरी यायला वाट मोकळी होईल, एवढं कळतं मला.

तारीख तुझी आई कळवेल. यायचं तर ये. मी बोलावत नाही, सांगून ठेवते.

तुझी आजी


वेस्ट विंडसर
२ फेब्रुवारी २००७

दीक्षास आजीचा जयभीम.

आम्ही परत आलो. लग्न चांगलं झालं, बुंदी कडक होती. नवरा मुलगा सगळा वेळ मोबाइलमध्ये. ते ऐकायला तुला वेळ नसेल, म्हणून तुझ्या गावाचं लिहिते.

गावाचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. फ्रँकफर्टहून ट्रेनने गेलो. घरं बघितली तर भिंतीत लाकडी पट्ट्या आडव्या-तिरप्या ठोकलेल्या, वरचा मजला खालच्या मजल्याच्या पुढे आलेला, जशी काही घरं एकमेकांच्या कानात बोलायला वाकली आहेत. रस्त्याला दगड, माझ्या बुटांना ते चालेनात. तुझी आई हात धरायला आली, मी धरू दिला नाही, मग पुढच्या वळणावर आपणच धरला. चर्चची घंटा वाजत होती. चौकात राकेश एका चहाच्या दुकानात जाऊन बसला. काचेच्या आत. मी बाहेरून बघितलं, पेपर उघडलेला होता आणि तो पेपर जर्मन होता.

म्युझियमची इमारत जुनी, वर उतरतं छप्पर, खिडक्या बारीक. तुझ्या आईने दारावरचं वाचून सांगितलं की हे पूर्वी गावाचं धान्याचं कोठार होतं. म्हटलं बरं, म्हणजे जागा निवडायची अक्कल आहे पोरीला. आत मात्र सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, जमीन करडी, माणसं काळ्या कपड्यांत आणि हळू बोलणारी, जसं काही मयताला आली आहेत. दारातल्या बाईने माझी शाल आणि पिशवी ठेवून घेतली आणि पितळेचा बिल्ला दिला. पिशवीत तुझ्यासाठी चिवडा होता. तो पिशवीतच राहिला, नंतर तुझ्या बापाने विमानात खाल्ला.

खालच्या मजल्यावर इतरांची कामं होती. एका खोलीत टीव्हीवर एक माणूस भिंत धूत होता. भिंत स्वच्छ होती, तरी धूत होता. मी बराच वेळ उभी राहिले की आता बादली बदलेल, मग बदलेल. नाही बदलली. दुसऱ्या खोलीत छताला दोर बांधलेले, आणि दोरांना काहीच नाही. तुझी आई म्हणाली, आई, याला अर्थ असतो. मी म्हटलं असेल, मला काय, मी दोरावर कपडे वाळत घालणारी बाई.

मग वर गेलो. वर तू होतीस. म्हणजे तू नव्हतीस, तुझा ढीग होता.

खरं सांगते, गहू बघून मला बरं वाटलं. एवढ्या पांढऱ्यात तेवढाच एक रंग. कोपऱ्यात नाही, खोलीच्या मधोमध ओतलेला, माझ्या कमरेएवढा. शेजारी सूप उभं केलेलं. कडेला जुन्या लुगड्याची निळी किनार मीच शिवली होती, त्यावरून माझंच ते. ढिगाभोवती जमिनीवर पट्टी, आणि भिंतीवर छोटा बोर्ड. तुझ्या आईने वाचला. वर नाव कांता. खाली गहू, दगड, सूप. बाजाराच्या सामानासारखं. त्याच्या खाली ती गोदामाची गोष्ट, तिकडच्या भाषेत आणि इंग्रजीत. आणि सगळ्यात खाली, हात लावू नये.

जन्मभर मी धान्याला हात लावला. पाण्याला लावू दिला नाही, देवळाच्या दाराला लावू दिला नाही, पण कोरड्या दाण्याला विटाळ नव्हता, म्हणून तर आमचं पोट चालायचं. धान्याला हात लावू नको असं मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं, आणि ते माझंच नाव लिहून.

खोलीत एक बाक होता. आम्ही त्यावर बसलो. तुझी आई जिन्यापर्यंत जायची, खाली बघायची, परत यायची. परत आली की म्हणायची, ट्रेन उशिरा असेल. मी म्हणायचे, असेल. मग ती म्हणाली मी जरा डोळ्यांवर पाणी मारून येते. तिला यायला वेळ लागला. तू आली नाहीस. कामं असतात माणसाला.

मग थोडी गडबड झाली. आईने तुला कळवलं असेल, किंवा म्युझियमच्या लोकांनी. मी तुझ्या गव्हाला हात लावला. जास्त नाही. जे बिघडलं असेल ते बिघडलं. त्यांनी तुला बोल लावला असेल तर त्यांना सांग, म्हातारी अडाणी आहे.

नावाचं अजून ठरवलं नाही.

तुझी आजी


वेस्ट विंडसर
२१ फेब्रुवारी २००७

दीक्षास आजीचा जयभीम.

मागच्या पत्रात मी "जास्त नाही" लिहिलं. ते खोटं होतं. तू ढीग बघितला असशील, तेव्हा तुला कळलंच असणार. म्हणून आता नीट लिहिते. इथे बर्फ साचलाय, पोस्टवालाही खाली बघून जातो, मला दुसरं काही काम नाही.

तुझी आई डोळे धुवायला गेली आणि मी बाकावर एकटी. ढिगाकडे बघत होते. बघता बघता मला खडे दिसायला लागले. एक दिसला की दुसरा दिसतो, तसं असतं ते, नजर एकदा लागली की सुटत नाही. खडे तुझे नदीतले आहेत का गं? गुळगुळीत, करडे. आमच्या गोदामात असले मऊ खडे नसायचे. तिथे वाळू, मातीची ढेकळं, उंदराच्या लेंड्या. पण खडा तो खडा. गव्हात आहे म्हणजे बाहेर काढायला पाहिजे. एवढी माणसं येतात, बघतात आणि जातात, कुणाचेच हात शिवशिवत नाहीत, याचं मला नवल वाटलं.

मी बूट काढले. धान्याजवळ पायताण घालून जात नाहीत. पट्टीच्या आत गेले आणि बसले. सूप घेतलं. अजून चांगलं आहे, एका बाजूने एक काडी सुटली आहे तेवढी. दोन पसे गहू घेतला, पाखडला, झुलवला, खडे टोकाला आले, ते काढून डाव्या हाताला ठेवले. निवडलेला गहू उजव्या बाजूला. मग दुसरं सूप. हात आधी अडखळला, मग लागला.

पोरी, कित्येक वर्षांत मी एवढी सुखाने बसले नव्हते. हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तिथली राखणारी बाई आली. पांढरे केस, कंबरेला वायरलेस. काहीतरी बोलली. मी मराठीत म्हटलं, बाई, थांब, एवढं सूप होऊ दे. ती परत बोलली, मी परत तेच म्हटलं. मग ती वायरलेसमध्ये बोलायला लागली. तेवढ्यात माणसं जमली. त्यांना वाटलं, हा खेळ म्युझियमनेच ठेवला आहे. सगळी भोवती उभी राहिली. एकीने फोटो काढला, एका म्हाताऱ्याने हॅट काढली. मला हसू येत होतं, पण दाबलं. म्हटलं, बघा, फुकट नाही, तिकीट काढून आला आहात.

तुझी आई आली आणि दारातच पांढरी पडली. खाली पळाली, राकेशला आणायला.

आता हे जे लिहिते ते लिहायचं की नाही, हेच ठरत नव्हतं. तुझ्या बापाला आवडणार नाही. तरी लिहिते.

राकेश आला. कोटाची बटणं उघडी, धापा टाकत. तोवर आणखी एक माणूस आला होता, टायवाला, बहुतेक मोठा साहेब. माझ्याभोवती ही सगळी माणसं आणि मी मधे जमिनीवर, मांडीवर सूप, पदर कमरेला खोचलेला. म्हणजे तुझ्या बापाला आयुष्यभर ज्याची धास्ती होती ते चित्र तंतोतंत. मला वाटलं, आता हा वळून जाईल. खरंच वाटलं. इथे मंडळात कुणी विचारलं की तुमची आई काय करायची, तर हा म्हणतो, हाउसवाइफ. बाबासाहेबांचा फोटो माझ्या खोलीत आहे, कारण वर पाहुणे येत नाहीत. म्हणून वाटलं.

त्याने आधी बोर्ड वाचला. पूर्ण वाचला, खालपर्यंत. टायवाल्याने त्याला विचारलं, ही बाई कोण. तेव्हा तो जे बोलला ते मलाही कळलं, एवढ्या सोप्या इंग्रजीत बोलला.

"शी इज माय मदर. दॅट इज हर नेम."

बोट बोर्डाकडे केलेलं होतं.

राखणारी बाई मागे सरली. मी राकेशला म्हटलं, अर्धं राहिलंय. तो म्हणाला, आई, आपली ट्रेन आहे. पण हात धरून उठवलं नाही. हातातलं सूप होईपर्यंत उभा राहिला. माझे बूट पट्टीबाहेर पडले होते, ते त्याने उचलले आणि हातात धरून उभा राहिला. न्यू यॉर्कच्या बँकेतला माणूस, लोकरीचा कोट, आणि हातात म्हातारीचे बूट. मी मुद्दाम ते सूप जरा सावकाश केलं.

उठले तेव्हा उजवीकडे निवडलेला गहू, डावीकडे खड्यांची छोटी रास, आणि मागे न निवडलेला ढीग. सूप मी त्याच्यावर पालथं घालून ठेवलं, जसं काम अर्धं टाकून पाणी प्यायला गेलं की ठेवतात.

ट्रेनमध्ये तुझा बाप खिडकीबाहेर बघत होता. विमानतळावर एवढंच विचारलं, गुडघे दुखत नाहीत का. मी म्हटलं, दुखतात. त्याने कुठूनतरी मलम आणलं. त्यानंतर आजतागायत या विषयावर एक शब्द नाही. तुला घरी बोलवा असंही म्हणाला नाही. उगाच आशा धरून बसू नकोस. सकाळची ट्रेन धरतो, संध्याकाळी येतो, मंडळाच्या कार्यक्रमाला तुझ्या आईला एकटीला पाठवलं. माणूस एका दिवसात बदलत नाही, आणि हा तर माझ्या पोटचा.

पण तुला हे कळायला हवं होतं. तू तिथे नव्हतीस. असतीस तर पाहिलं असतंस.

तुझी आजी


वेस्ट विंडसर
१८ मार्च २००७

दीक्षास आजीचा जयभीम.

गेल्या रविवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा आम्ही जेवून उठलो होतो. फोन राकेशने उचलला. तो हॅलो म्हणाला आणि मग नुसता उभा. मला वाटलं कुणाची कंपनी काही विकते आहे, नेहमीसारखा ठेवून देईल. ठेवला नाही. तिकडे तूही बोलत नव्हतीस म्हणे. मग त्याने मला फोन दिला, "थांब, आजीला देतो" एवढं म्हणून.

तू म्हणालीस, आजी, मी त्या दिवशी गावात होते. स्टेशनवरून चौकापर्यंत आले होते, मग बाबाला चहाच्या दुकानात बघितलं आणि परत फिरले. हे ऐकून मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. तुझी आई जिन्यात कितीदा जाऊन आली ते मी पाहिलं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. तू सांग, मी नाही सांगणार.

मग तू म्हणालीस, म्युझियमवाले ढीग परत पूर्वीसारखा करणार होते, मी करू दिला नाही, आजीने ठेवला तसाच ठेवा म्हटलं. ते ठीक केलंस. आणि मग विचारलंस, "आजी, तुला नको असेल तर मी नाव काढते. खरंच काढते."

राकेश समोर होता. फ्रिजचं दार उघडं, हातात दुधाचा कॅन, आणि तसाच थांबलेला. फ्रिज टूं टूं वाजायला लागला तरी दार लावेना. त्याला तुझा आवाज ऐकू जात होता की नाही, देव जाणे. मी म्हटलं, लिहून कळवते, आणि फोन त्याच्या हातात दिला. तो तुझ्याशी काय बोलला ते मी ऐकलं. तिकडे थंडी आहे का, म्हणाला. मग म्हणाला, इकडेही आहे. मग बराच वेळ थंडीचंच बोलणं. एवढं हवामान त्या टीव्हीवरच्या बाईनेही कधी सांगितलं नसेल. पण फोन त्याने ठेवला नाही, तूच ठेवलास.

आता उत्तर.

तू मला पहिल्यांदाच विचारलंस. दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतंस, त्याचा राग मी सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही, तो माझा माझ्यापाशी राहू दे. आपली गोष्ट दुसऱ्याने भिंतीवर लावलेली बघणं म्हणजे आपलं लुगडं दुसऱ्याच्या अंगणात वाळताना दिसण्यासारखं आहे. लुगडं फाटकं नसलं तरी माणूस ओशाळतो. पण विचारलंस, म्हणून सांगते.

गोदामात आम्ही ओळीने बसायचो. मुनीम यायचा आणि बोट दाखवायचा. तू, तू, आणि तू. ज्यांच्याकडे बोट गेलं त्या दिवसभर बसणार, बाकीच्या घरी. त्याने मला नावाने कधी बोलावलं नाही. त्याला नाव माहीतच नव्हतं, काहून असेल, बोट पुरत होतं. दुपारी तहान लागली की माठाजवळ उभं राहायचं, कुणीतरी वरून ओतायचं, ओंजळीत. घरी तुझे आजोबा "अगं" म्हणायचे, राकेश आई म्हणतो, तू आजी, शुभा काकू. मी निवडलेला गहू कितीतरी घरांत गेला असेल, कितीतरी लग्नांच्या पोळ्या झाल्या असतील. कुणाच्या तोंडी नाव नाही. मला त्याचं फार वाईट वाटत होतं असं लिहून तुला खूश करणार नाही. तेव्हा वाटायला सवड नव्हती. आता सवडच सवड आहे.

आणि आता परमुलखातल्या एका गावात, जिथल्या माणसाला नागपूर कुठे ते ठाऊक नाही, तिथे गव्हाच्या शेजारी माझं नाव आहे.

ते राहू दे. काढू नकोस.

पण अर्धं लिहू नकोस. नुसतं कांता काय? कांता गल्लीगल्लीत सापडतील. तुझ्या बापाने आडनाव विमानातच ठेवलं आणि राकेश शंकर होऊन इथे उतरला. लोक त्याला मद्रासकडचा समजतात, तोही समजू देतो. तूही शाळेपासून दीक्षा शंकर. त्याची कारणं त्याच्याजवळ असतील, त्याने इथे काय काय ऐकलं ते तो मला सांगत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. पण म्हणून मी अर्ध्या नावाने उभी राहणार नाही. लावायचं तर पुरतं लाव, ज्याला वाचून काही समजायचं असेल त्याला समजू दे. बोर्डावर जागा कमी पडत असेल तर ते "हात लावू नये" काढून टाक.

प्रदर्शन मे महिन्यात संपतं, तुझी आई सांगत होती. मग त्या गव्हाचं काय करणार? फेकून देतील, असं मला वाटतं. फेकू देऊ नकोस. जो मी निवडला आहे तो दळून आण आणि पोळ्या कर, येत नसतील तर जो खाईल त्याला दे. जो राहिला आहे, त्यातला तुला उचलवेल तेवढा इकडे घेऊन ये. खड्यांसकट. विमानतळावर सोडणार नाहीत, हे मलाही कळतं. त्यांना सांगून बघ. नाही सोडला तर तशीच ये, रिकाम्या हातांनी, इथे गहू नसला तरी माणसाला बसायला जागा आहे.

तुझ्या बापाने बोलावलेलं नाही. मी बोलावते आहे. घर त्याचं आहे, पण पायरीवर मी बसते.

या पाकिटाच्या मागे मी माझं पूर्ण नाव लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात, शाई दोनदा फिरवून. पत्ता लिहायला आणि तिकीट लावायला या वेळी तुझ्या आईला सांगणार नाही, राकेशच्या हातात देणार आहे. स्टेशनच्या वाटेवर पोस्टाची पेटी आहे, तिथे त्याने आपल्या हाताने टाकायचं. हे पत्र तुला मिळालं, तर समज की त्याने टाकलं.

कांता शंकरराव मेश्राम